मास्तरचं अर्धं ऊन

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात यवतमाळच्या एका शाळेतला ड्रॉइंग मास्तर आमच्या जंगलातल्या पायवाटेवर येऊन बसला. अगदी मधोमध. गुरं वळसा घालून जायची.

होळी झाली की सागाची पानं गळतात आणि सकाळचं ऊन थेट वाटेवर उतरतं. त्याला ते ऊन काढायचं होतं. प्रदर्शनात चित्र लागलं तर नोकरी पक्की होणार, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. बैलांनाही सांगितलं असेल.

मी वाकून पाहिलं. ताणलेल्या कापडावर तेलरंगाचे पिवळे, जांभळे, नारिंगी ठिपके.

"मास्तर, याच्यावर कोंबड्या फिरल्या काय?"

"लांबून बघा, बाई."

लांबून पाहिलं तर खरंच वाट दिसली, ऊन पडलेली. मी आपली वाटेला लागले; कौतुक केलं असतं तर डोक्यावर चढला असता.

वाटेवरचं मोहाचं झाड आमचं होतं. फुलं टपकायच्या आधी झाडाखालचा पाचोळा जाळावा लागतो, नाहीतर फूल सापडत नाही. सासू आगपेटी घेऊन आली, तर मास्तर पाचोळ्यावर आडवाच झाला.

"आजी, हा पाचोळा म्हणजेच माझं ऊन! दोन दिवस थांबा."

"ऊन उद्याबी येते, मास्तर. मोह थांबते काय? पावसाळ्यात आमी काय तुमचे ठिपके खाऊ?"

शेवटी सासूनं एक सकाळ दिली. अट एकच, पाचोळ्यात पडलेली फुलं त्यानंच वेचून द्यायची.

नेमका त्याच पहाटे मोह सडा घातल्यासारखा पडला. मास्तर चार फुलं वेची, धावत जाऊन चार ठिपके मारी, परत येई. सासू दगडावर बसून सांगे, "ते पानाखाली राह्यलं पहा. आंधळे आहा काय?" टोपली भरली तोवर ऊन डोक्यावर आलं आणि वाट पांढरीफटक पडली. चित्र अर्धंच झालं.

दुसऱ्या दिवशी सासूनं काडी लावली. वाट काळी झाली. मास्तरनं चित्र आमच्या अंगणात फेकलं, रंगांची पेटी उचलली आणि दिग्रसची मोटर धरली. नोकरीचं काय झालं, कोणास ठाऊक.

पुढे मोह वाळत घातला असताना अवकाळी पाऊस आला. सासूनं हाताला लागलं ते, म्हणजे मास्तरचं चित्र, त्यावर पालथं टाकलं. पाऊस थांबल्यावर उचललं. रंगवलेल्या भागाखालचा मोह कोरडा होता, कोऱ्या कापडाखालचा पार भिजला होता.

सासूनं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"पुरं करू द्याले पाह्यजे होतं त्या मास्तरले," ती म्हणाली.