होप आणि एक्स्पेक्ट

बॉबलिंगेनच्या जर्मन ऑफिसात माझी प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीची मुदत, संपत आली होती. कायम करायचं की नारळ द्यायचा, हे साहेब ठरवणार होते. नवऱ्याची नोकरी नुकतीच गेलेली, त्यामुळे आमचं इथलं सगळं बस्तान माझ्यावर. आणि नेमका तेव्हाच माझ्या तोंडून तो शब्द गेला.

मीटिंगमध्ये साहेबांनी इंग्रजीत विचारलं, शुक्रवारी सॉफ्टवेअर तयार असेल का? अहो, काम झालंच होतं. टेस्टसुद्धा सगळ्या पास. पण "असणारच" असं छातीठोक सांगायची आपल्याकडे रीत आहे का? दृष्ट लागते म्हणतात. मी म्हटलं, "आय होप सो."

"होप? की एक्स्पेक्ट?"

मी हसले. ते हसले नाहीत. "होप म्हणजे तुमच्या हातात काही नाही. एक्स्पेक्ट म्हणजे तुमच्याकडे तसं मानायला कारण आहे." एवढं बोलून त्यांनी माझं काम तपासायला शेजारच्या सहकाऱ्याला बसवलं. तोही लगेच "गेनाऊ, अगदी बरोबर" म्हणत लॅपटॉप उघडून तयार. असा संताप आला! जन्मभर इंग्रजी घोकलं, आणि आता आशा नि अपेक्षा यांतला फरक हा माणूस मला शिकवणार?

पण ते डोक्यातून जाईना. घरी आले, फोडणी करपवली, पुन्हा केली, तीही करपवली. सासूबाई पुण्याहून राहायला आल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं.

"अगं, बरोबरच बोललीस की! व्हायच्या आधीच झालं झालं म्हणून कोणी मिरवतं का?"

"अहो आई, इथे असं नाही चालत!" मी उगाचच त्यांच्यावर खेकसले. मग गॅलरीत गेले, आत आले, परत गॅलरीत गेले.

शुक्रवारी काम वेळेवर गेलं, एकही चूक निघाली नाही. सोमवारी साहेबांनी बोलावलं. मी वाक्य घोकूनच गेले होते. पाठ ताठ करून म्हटलं, "आय एक्स्पेक्ट टू स्टे."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. म्हणाले, "आय होप सो."

माझ्या मनात आलं, ठरवणार तुम्हीच ना, मग आशा कसली करताय? की वरच्यांनी आधीच ठरवून टाकलंय? विचारायला हवं होतं. मी नुसतं "थँक यू" म्हणून बाहेर पडले. बसमध्ये रिकामी जागा होती, पण बसवेना.

दार उघडताच सासूबाईंनी विचारलं, "काय गं, काय म्हणाले?"

"आशा आहे म्हणाले."

"मग झालंच की!" त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला पुढे बोलवेना. त्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि त्यातली चिमूटभर माझ्या हातावर. ती मी कोट न काढता उभ्या उभ्याच खाल्ली.