हयचो नि थंयचो प्लायवूड

मधल्या बोटाचं पेर लाकडावर दोनदा वाजवायचं, कान जवळ न्यायचा आणि निकाल द्यायचा, "हयचो." क्वचित कधीतरी चेहरा उजळायचा नि म्हणायचे, "थंयचो." मालवण बंदरावरच्या आमच्या जकात कचेरीतले हे हेडक्लार्क. हयचो म्हणजे आपल्या देशातला प्लायवूड. थंयचो म्हणजे पोर्तुगीजांच्या गोव्यात परदेशातून उतरलेला. साहेबांचं नवं कपाट आलं तेव्हा साहेबांदेखत वाजवून यांनी "हयचो" म्हटलं. साहेबांना ती शिवी वाटली, आणि खरं सांगायचं तर ती होतीच.

दोन देशांच्या आयातीचा एवढा अभ्यास दिल्लीतही कुणी केला नसेल. पन्नास साली म्हणे दोन्हीकडे सारखाच माल यायचा. मग आपल्याकडे परवाने आवळले आणि तिकडे खनिज विकून आगबोटी भरभरून प्लायवूड येऊ लागला. हे सगळं ते कॅरमच्या हिशेबात सांगत. छप्पन्न सालच्या आपल्या प्लायवर सोंगटी भोकापर्यंत जायची, अठ्ठावन्न सालच्या प्लायवर अर्ध्या वाटेत बसकण मारते. आम्ही पोट धरधरून हसायचो.

एकदा ते रजेवर असताना सही घ्यायला घरी गेलो. ओटीवर नवराबायको कॅरम खेळत होती. वहिनींच्या उजव्या अंगावरून वारं गेलेलं. बोटं हलती ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. खाऱ्या हवेनं बोर्ड फुगलेला. त्या जीव एकवटून स्ट्रायकर ढकलत, तो चार बोटं सरकून थांबे. "ऱ्हवांदे आता," त्या म्हणाल्या. हे पावडर टाकत राहिले. त्या हातात जेवढा जोर उरला होता, तेवढ्यात सोंगटी भोकात जाईल असा गुळगुळीत प्लाय यांना हवा होता. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

आणि तसा प्लाय आमच्याच गोदामात होता. आचऱ्याच्या किनाऱ्यावर पकडलेल्या तस्करीच्या होडीतला थंयचो तक्ता, भिंतीला टेकवलेला. हात घालायचा अवकाश. पण हा बाबा रोज सकाळी तो वाजवायचा, कुलूप लावायचा आणि बोली लावून रीतसर घेता यावा, म्हणून त्याचा लिलाव करा असं वरच्या कचेरीला पत्र खरडायचा. उत्तर ठरलेलं, विचाराधीन. एकसष्टच्या डिसेंबरात गोवा सुटला, पेढे वाटले. यांनी पेढा हातात तसाच धरून साहेबांना विचारलं, "आता तिकडच्या आयातीलाही आपलेच नियम का?" साहेब हो म्हणाले. त्या दिवशी तोंड पाडून बसलेला सबंध मालवणात हा एकच माणूस असावा.

वर्षभरानं गोदाम मोकळं करायचा हुकूम आला. चांगला माल मुंबईला, खराब माल इथेच नष्ट. पंचनामा माझ्याकडे. मी बेधडक लिहिलं, प्लायवूडचा तक्ता एक, वाळवीनं आतून पोखरलेला. खाली सही हेडक्लार्कची लागायची.

त्यांनी वाचलं. तक्त्यापाशी गेले, वाजवला, कान लावला. पुन्हा वाजवला. माझ्याकडे न बघता कचेरीतल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "होय. पोखरलेला आहे." सही केली. शिपायानं आणि मी तक्ता त्यांच्या ओटीवर नेऊन टाकला, मेस्त्रीनं त्याचा बोर्ड केला. कचेरीत त्यानंतर त्यांनी कधी काही वाजवलं नाही. आम्ही खोडी काढली तरी नाही.

पाच वर्षांनी ते गेले. तेरावं झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेलो. त्या बोर्डाजवळच बसल्या होत्या, सोंगट्या मांडलेल्या.

"ह्येंनी ह्या बोर्डार एकव सोंगटी मारूक नाय," त्या म्हणाल्या. "माका मांडून देत नि उठान जात. पाच वर्सां दोनव बाजूंन मीच खेळलंय."

मी उठायला लागलो. वहिनींनी उजव्या हातानं स्ट्रायकर ढकलला. तो सरळ माझ्यापर्यंत आला.

"तां वाळवेचां तूच लिवलंस मा रे?" त्या म्हणाल्या. "मगे बस समोर."