तिसरी भाकर

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझ्या मधल्या मुलीला पाहायला दुसरबीडची मंडळी आली. मुलगा मोटारीवर कंडक्टर, स्थळ चांगलं. जेवायला मी त्याच्या समोरच बसलो. माझी पहिली भाकर संपायच्या आत त्याने तिसरी संपवली. पंगत सोबतच उठणार, म्हणून तो रिकाम्या ताटापुढे बसून राहिला आणि मधूनमधून छातीखाली हात दाबत राहिला.

बायको म्हणाली, भूक लागली असेल. मला ते पटलं नाही. माझा थोरला भाऊ असाच भराभरा गिळायचा, असाच हात दाबायचा आणि चाळिशीच्या आत पोटाच्या दुखण्याने गेला. वहिनी आमच्याच घरात होती. मुलीचं तसं व्हायला नको होतं.

होकार लांबवून मी बाजाराच्या दिवशी मेहकरला गेलो आणि मोटार स्टँडसमोरच्या हॉटेलात कोपरा धरून बसलो. मुलगा आला. खांद्यावरची पिशवीही न काढता त्याने उभ्याउभ्या दोन पोळ्या पाण्याबरोबर उतरवल्या, मग चिमूटभर सोडा पेल्यात टाकून प्याला. माझा भाऊही सोडाच प्यायचा. मी सरळ पुढे जाऊन उभा राहिलो.

"पोटाचं दुखणं लपवून राह्यले का?"

तो दचकला, पण नजर चुकवली नाही. "लपवाचं काय, मामाजी? घाईत खाल्लं का जळते. सावकाश खाल्लं का नाही जळत."

असं तर भाऊही सांगायचा. मी त्याला सुट्टीच्या दिवशी जेवायला बोलावलं.

घरी घाई कसलीच नव्हती, तरी पहिली भाकर त्याने तशीच संपवली. माझा संशय पक्का होत होता. दुसरी मात्र चुलीवरून येईचना. आली ती अर्धीच. उरलेली अर्धी त्याहून उशिरा. पाहुण्यासमोर शोभा नको म्हणून मी उठून आत गेलो. चुलीपुढे मुलगी बसली होती, टोपल्यात भाजलेल्या भाकरी होत्या.

"अडवून काऊन ठेवली?"

"आली का गिळतेत ते, बाबा. चावू द्या ना थोडं."

त्या दिवशी त्याला पहिल्यांदा माझ्यासारखा वेळ लागला. दिवस मावळेपर्यंत मी त्याला बसवून ठेवलं. हात छातीकडे गेला नाही, सोडाही मागितला नाही. पण एका जेवणावर विश्वास ठेवणारा मी नव्हे. या ना त्या निमित्ताने आणखी तीनदा बोलावलं. शेवटी मुलगीच आईजवळ म्हणाली, बाबांनी आता तारीख काढावी, नाहीतर पाहुण्यांचं बिऱ्हाडच इकडे आणावं.

लग्नात नवरदेवाच्या पंगतीला पुऱ्यांची टोपली फिरत होती. वाढपी हात सैल सोडून वाढत होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, नवरदेवाच्या पत्रावळीवर एकेकच पुरी, तीही मागितल्यावर.

वरपक्षाचा एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "पोरीचा बाप भलताच चिक्कू दिसते बे."

माझी नजर जावयाच्या हाताकडे होती.