फैलकाच्या वाटेवर ओहोटीत अडकलेली आमची होडी

फैलका बेटावर जायचं मी ठरवलं ते कुवेत शहराजवळच्या हवल्लीतल्या आमच्या खोलीत, मसूर निवडता निवडता. समोर शेजारीण बसली होती. ती बसऱ्याकडची, पाच मुलांची आई. मोडक्यातोडक्या हिंदीत ती मला म्हणाली, "बेटावर खिज्रची जागा आहे. ज्यांना मूल हवं त्या बायका तिथे जातात. तू का नाही जात?"

खिज्र म्हणजे पाण्यावरच्या माणसांचा राखणदार. आमच्या दाभोळच्या खाडीतले तांडेलसुद्धा गलबत सोडताना त्याचं नाव घेत, त्यामुळे नाव ओळखीचं होतं. मी ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि मनात म्हटलं, जायचं.

कुवेतमध्ये रुपये जाऊन नुकते दिनार आले होते, तेव्हाची ही गोष्ट. आज फैलकाला जाऊ इच्छिणाऱ्यांनी मला विचारलं म्हणून लिहिते आहे. तुम्ही फेरीबोटीने जाल. आम्ही आमच्या स्वतःच्या होडीने गेलो होतो.

माझे पती दाऊद बंदरात मालाची मोजदाद करणारे कारकून होते. त्या काळी मी त्यांचं नाव घेत नसे. आता ते नाहीत, तर लिहिताना घेते. लग्नानंतर मी कुवेतला आले आणि पुढच्या वर्षी आमची मुलगी जन्मली. जन्मली, पण तिने श्वास घेतला नाही. मी तापाने फणफणत इस्पितळात पडले होते. दाऊद आणि रत्नागिरीकडचे दोघे-तिघे तिला कबरस्तानात घेऊन गेले. मी घरी आले तेव्हा पाळण्यासाठी आणलेली दोरी खुंटीवरून गेलेली होती. मी काही विचारलं नाही. त्यांनी काही सांगितलं नाही. तसंच आमचं दुसरं वर्ष चाललं होतं.

त्याच दिवसांत त्यांनी होडी घेतली. मोती काढायचा धंदा बसला होता, लोक तेलाच्या नोकऱ्यांत गेले होते आणि किनाऱ्यावर कितीतरी होड्या उन्हात पडून होत्या. त्यातली एक, अठराएक फुटांची, बू नासिर नावाच्या म्हाताऱ्या नाखव्याकडून त्यांना जवळजवळ फुकटात मिळाली. फुकटात मिळालेली होडी किती खाते हे मला नंतर कळलं. दर शुक्रवारी नमाजानंतर दाऊद समुद्रावर जायचे. दगडी भिंतींनी अडवलेल्या छोट्या गोदीत ती उभी असायची. ओहोटीला ती एका कुशीवर कलंडायची, मग बुडाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडायच्या, फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा, पाण्याखालच्या भागाला चुना आणि चरबी, वरच्या भागाला मुशीचं तेल. उन्हाळ्यात तर रोज कुणीतरी फळ्यांवर पाणी मारायला हवं, नाहीतर लाकूड सुकून फटी उघडतात. दाऊद घरी आले की कपड्यांना असा वास, की शेजारीण नाकाला ओढणी लावून म्हणायची, "तुझी सवत आली!"

मी हसायचे. पण सवतच वाटायची ती मला. माझ्याशी न बोललेलं सगळं दाऊद तिच्याशी बोलत असणार, असं वाटायचं. मी एकदाही तिच्यात पाय ठेवला नव्हता.

त्या संध्याकाळी जेवताना मी म्हटलं, "मला फैलकाला जायचाय."

"लाँच जाते की. तिकीट काढून देतो."

"लाँचीत नको."

"का गो?"

"बायका विचारतील, पोरं किती."

दाऊदनी घास खाली ठेवला. मग म्हणाले, "वारा बघून सांगतो."

वारा मिळाला हिवाळा सरताना. उत्तरेचा शमाल वारा जोर धरायच्या आधी असे थोडे मऊ दिवस येतात. कुणी आजही जाणार असेल तर हेच दिवस धरा. बेट हिरवं असतं आणि ऊन अजून अंगावर येत नाही. दाऊदनी गुरुवारची रजा टाकली. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी होडीत समुद्राचं पाणी भरून ठेवलं, म्हणजे लाकूड फुगून फटी मिटतात, आणि सकाळी ते सगळं उपसून काढलं. मी तांदळाच्या भाकऱ्या, सुकटाची चटणी, उकडलेली अंडी, खजूर आणि थर्मासभर चहा घेतला. गोड्या पाण्याचे दोन डबे वेगळे.

उजाडता उजाडता आम्ही गोदीवर पोचलो. बू नासिर दोरी सोडायला आले होते. तरुणपणी खजूर भरून मुंबई-कालिकतच्या खेपा केलेले, त्यामुळे हिंदी बोलायचे. दाऊदना म्हणाले, "पानी उतरेगा, तो टापू के पश्चिम की तरफ मत जाना. उधर सब मिट्टी है." मग माझ्याकडे न बघता, अदबीने, त्यांनी होडीच्या काठावर हात ठेवला आणि ती स्थिर धरली. मी चढले.

आत सगळं इतकं नेटकं होतं की मी बघतच राहिले. दोऱ्या गुंडाळून ठेवलेल्या, उपसायचा डबा खुंटीला, वल्ही कापडात बांधलेली. बसायच्या फळीवर तासून तासून गुळगुळीत केलेली एक जागा होती, रुंद, पाठ टेकता येईल अशी. दाऊद नेहमी सुकाणूपाशी उभे असायचे, म्हणजे ती त्यांच्यासाठी नव्हती. मी तिथे बसले.

शीड भरलं आणि शहर मागे सरकायला लागलं. दक्षिणेचा हलका वारा होता. पाणी दुधात नीळ घातल्यासारखं, आणि समुद्र कुठे संपतो, आकाश कुठे सुरू होतं, ते दिसत नव्हतं. लांबवर एक तेलाचं जहाज उभं होतं, ते हवेत टांगल्यासारखं वाटे. होडीखालून पाणी कुजबुजत जायचं. मी हात बुडवला, पाणी थंड होतं. दाऊद सुकाणूवर हात ठेवून उभे होते आणि त्यांचा चेहरा मी घरी कधी पाहिला नव्हता इतका सैल होता. कुणी काही बोललं नाही. त्या गप्प बसण्याचा मला पहिल्यांदाच त्रास झाला नाही. माझा डोळा लागला असावा, कारण नंतर मला आठवतं ते दाऊदचं, "या अल्ला," आणि खालून आलेला एक मऊ, लांब घासल्याचा आवाज.

होडी थांबली होती.

वारा पडला होता, ओहोटीने आम्हाला हळूहळू ओढत नेलं होतं, तेही नेमकं पश्चिमेकडे. दाऊदनी वल्हं टाकून ढकलून पाहिलं, मग उतरून पाहिलं. गुडघ्यापर्यंत पाय चिखलात गेला. समोर फैलकाची घरं, खजुरीची झाडं, अगदी एक गाढवसुद्धा दिसत होतं. पण तिथवर चालत जाणं शक्य नव्हतं.

"आता काय करायचा?" मी विचारलं.

"भरतीची वाट बघायची. दुपार होईल." ते वर चढून पाय धुऊ लागले. "घाबरलीस काय गो?"

"नाही."

खरंच नव्हते. आमच्या डोळ्यांदेखत समुद्र निघून गेला. चहूकडे ओली, चकाकणारी माती आणि त्यात सगळं आकाश उतरलेलं. होडी जरा कलंडून त्या आकाशात बसली होती. लांबवर गुलाबी रेघ हलत होती. नीट पाहिलं तर रोहित पक्षी होते, शेकडो, माना खाली घालून चरत चाललेले. आवाज म्हणून नव्हता. मातीतून बारीक बुडबुडे फुटत तेवढेच.

आम्ही शिडाची सावली करून भाकरी खाल्ली. दाऊदनी खजुराच्या बिया हातात जमवल्या, एकेक करून चिखलात टाकल्या. आणि मग पक्ष्यांकडे बघत म्हणाले, "नाव ठेवला होता तिचा."

मला लगेच कळलं, कुणाचं ते.

"मौलवी म्हणाले, ठेवावा. तुला विचारायला हवा होता. पन तू तापात होतीस."

"काय ठेवलात?"

"हमीदा."

मी ते नाव एकदा हळू म्हणून पाहिलं. दोन वर्षं माझ्या मनात ती 'ती' होती. तिला आता नाव होतं, आणि ते मला समुद्राच्या मधोमध, पाणी नसलेल्या समुद्रात मिळालं होतं.

"कशी होती दिसायला?"

दाऊदनी उजवा हात उघडला, डाव्या हाताने त्यावर लांबी दाखवली. "केस होते भरपूर. तुझ्यासारखं कपाळ." त्यांनी तो हात मिटला. "मीच कबरीत उतरवली तिला. हातांना त्यानंतर काही सुचेना. शुक्रवार आला की हात नुसते लटकत राहायचे. म्हणून ही घेतली."

मी त्यांचे हात पाहिले. चुन्याने फाटलेले, नखांत काळं. मी ते माझ्या मांडीवर ओढून घेतले. मग दोघंही रडलो, मोठ्याने. ऐकायला मैलभर कुणी नव्हतं.

"मला का नाही सांगितलात?"

"तू विचारला नाहीस. मला वाटला, तुला ऐकायचा नाही."

"आणि मला वाटला, तुम्हाला बोलायचा नाही."

पाणी आलं ते कळलंसुद्धा नाही. एका बाजूने पातळ काच सरकत यावी तसं आलं. आधी पक्षी उठले, मग होडीखाली गुदगुल्या झाल्यासारखं हललं आणि ती सरळ झाली. दाऊद उठले, डोळे पुसले, वल्हं माझ्या हातात दिलं. "त्या बाजूनं ढकल. जोरात नको."

आम्ही दोघांनी मिळून तिला खोल पाण्यात नेलं.

फैलकाला तेव्हा नांदतं गाव होतं. मातीची घरं, विहिरी, भाजीचे वाफे, पायाखाली रानफुलं. उतरायची सोय उम्म अली नावाच्या एका विधवेकडे झाली. पाहुण्यांना खोली द्यायची ती. तिने झुबैदी भाजून भातासोबत दिला. झुबैदी म्हणजे आपलं पापलेटच. मी चिंचेचा कोळ असता तर, असं म्हणाले आणि दाऊद कितीतरी दिवसांनी खळखळून हसले.

सूर्य कलता कलता उम्म अली मला खिज्रच्या जागी घेऊन गेली. किनाऱ्यावर एक उंचवटा, त्यावर लहानशी खोली. भिंतींवर मेंदीचे पंजे, चिंध्या बांधलेल्या, एक दिवा. तीन बायका बसल्या होत्या, एकीच्या कडेवर मूल. वाटेत मी मागणं पाठ करत आले होते. उंबऱ्याशी पोचले आणि ते माझ्याजवळ नव्हतंच. मी हात उचलले आणि हमीदासाठी फातिहा, गेलेल्यांसाठीची प्रार्थना, वाचला. नाव घेऊन. संपल्यावर छाती इतकी हलकी झाली की तिथेच बसून राहिले, समुद्राचा वारा अंगावर घेत.

परत येताना उम्म अलीने विचारलं, "मुलगा मागितलास की मुलगी?"

माझ्या तुटक्या अरबीत मी म्हटलं, "मला मुलगी आहे. तिच्यासाठी आले होते."

ती माझा हात धरून चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी परतीचा वारा चांगला होता. पश्चिमेची माती लांब ठेवून आलो. अर्धी वाट सुकाणू माझ्या हातात होतं. होडी जरा वाकडी-तिकडी गेली, पण गेली.

आज जाणाऱ्यांसाठी: फेरीबोट सकाळची घ्या, पाणी आणि टोपी सोबत ठेवा, चांगले बूट घाला. इराकने हल्ला केला त्या युद्धात बेट रिकामं झालं ते पुन्हा तसं वसलं नाही, गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती दिसतील. खिज्रची खोली आता नाही. पण ओहोटीच्या वेळी पश्चिमेच्या किनाऱ्यावर उभे राहा. हिवाळ्यात गेलात तर पक्षी असतील.

आम्हाला पुढे मूल झालं नाही. लोक अजून विचारतात, मग त्या बेटाचा उपयोग काय झाला. होडी आणखी सात-आठ वर्षं आमच्याकडे होती आणि शुक्रवारी आम्ही दोघं तिच्यापाशी असायचो. कापसाच्या वाती वळायचं काम माझं. ते ठोकायचे, मी वळून द्यायचे, आणि बोलायचो.

पण त्याआधी, फैलकाहून परतल्यावर लगेचच्या शनिवारी, एक झालं. दाऊद कामावरून लवकर आले आणि म्हणाले, "चल." बसने आम्ही कबरस्तानापर्यंत गेलो. बायका आत जात नसत, म्हणून बुटक्या भिंतीबाहेर उभे राहिलो. त्यांनी हात लांब करून दाखवलं. पलीकडच्या कोपऱ्यात एक काटेरी झुडूप, त्याच्या अलीकडे वाळूचा लहानसा उंचवटा, डोक्याशी एक पांढरा दगड.

"दिसला?" त्यांनी विचारलं.

"दिसला," मी म्हटलं.

आणि मग परतीची बस येईपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो.