तिखटाच्या घरात आवळा

आज लिहिते, उद्या लिहिते करत हा प्रवास मी पार शिळा केला. पण आज सकाळी घरात आवळ्यावरून जे रामायण झालं, त्यानंतर बसलेच.

गुडघ्याच्या गोळ्या खाऊन खाऊन बाबांच्या पोटाचं आतलं अस्तर सोलवटलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाले, "तिखट बंद." मराठवाड्यातल्या माणसाला! बाबांनी जेवणच अर्ध्यावर आणलं. मग मी वाचत सुटले. म्हणे, शरीरातलीच काही उपद्रवी द्रव्यं हे अस्तर जाळतात, आणि आवळा-ज्येष्ठमधातली द्रव्यं त्यांना आवरतात. प्रयोग बरेचसे उंदरांवरचे. बाबा उंदीर नाहीत, पण औषधासोबत आवळा चालेल, असं डॉक्टर म्हणाले. झालं, निघाले!

आवळ्याची झाडं खुलताबादला, आत्याच्या दारात. आत्या आमच्याकडं येत नाही. दादाच्या लग्नात तिनं केलेल्या कमी तिखट भाजीला बाबा भर पंगतीत "आजाऱ्याची भाजी" म्हणाले, तेव्हापासून शपथ.

सकाळची एसटी धरा, खिडकी मिळते. दौलताबादच्या अरुंद दरवाजात समोरून ट्रक आला नि सगळं अडकलं. तेवढ्यात मी पेरू घ्यायला उतरले, आणि गाडी सुटली! पुढची बरीच उशिरा. पेरू मात्र एक नंबर.

आत्यानं सगळं ऐकलं आणि एक वांगं चिरलं. एका फोडीला आवळ्याचा रस चोळला, दुसरी तशीच ठेवली. चहा होईस्तोवर कोरडी फोड काळी, रसाची पांढरीच!

"पाह्यलं? तुझ्या बापाचं पोट म्हंजी ही काळी फोड."

"पोट काय वांगं असतंय का, आत्या?"

"त्याचं हाय. लई तेल-तिखट पिलेलं!"

"मग चल ना घरी."

"नाय म्हणले ना एकदा." पण पिशवी अशी भरली की खांदा निखळायची वेळ.

आज सकाळी बाबांनी आवळ्याची फोड चावली. "चवच नाय." आणि वर चमचाभर काळं तिखट भुरभुरवलं! आईनं कपाळ बडवलं. मी हसत हसत आत्याला फोन लावून हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग, "ठेव फोन."

प्रवासातून उरलं काय? पिशवीला पेरवाचा वास, आणि निम्मं ताट तसंच ठेवून उठणारे बाबा. आवळा गेला वाया, असंच लिहिणार होते...

थांबा. दारात रिक्षा. आत्या! एक पाय उंबऱ्याच्या आत, हातात वांगं, नजर बाबांवर.

"रम्या, तिखटाचा डबा कुठंय?"