अनोळखी झुडपाचा पंचनामा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण पनवेलच्या बदलीतली ती घटना आजही आठवली की मी एकटाच हसत सुटतो आणि बायको विचारते, "आता कोण सापडलं?"

सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. रोडपालीत एक म्हातारी अंगणात विषारी झाड वाढवते, त्याची लाल फळं खाऊन एक बोकड मरायला टेकलाय. निनावी फोन करणाऱ्याला दम निघत नाही, थोड्या वेळाने तो स्वतःच तक्रार घेऊन येतो. हाही आला. शेजारचाच जमीनदार, आता इमारती बांधणारा. गळ्यात जाड साखळी, डोळे रडून लाल.

"साएब, बोकड नाय तो, पोरगा हाय माजा! म्हातारीच्या कुंपणातून तोंड घातलान नि पोट टम्म फुगला. विषप्रयोगाचा गुन्हा घ्या, नायतर कोयत्यानं तोडतो ते झाड!"

माणूस कोयत्याची भाषा बोलू लागला की प्रकरण बोकडापुरतं राहत नाही. मी हवालदारांना आणि दोन पंचांना घेऊन निघालो.

बाई बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, बँकेतून निवृत्त, एकट्या. भावंडं, भाचरं सगळी इस्रायलला गेलेली. झुडूप पुरुषभर उंच, बारमाही हिरवंगार, पानं चकचकीत आणि लाल फळांचे घोस. मी नाव विचारलं.

"नाव बहिणीला माहीत होतं. जाताना तिनंच लावलं. ती तिकडेच वारली, विचारायचं राहून गेलं."

हवालदार पंचांना वाचून दाखवू लागले, 'एक अनोळखी झुडूप, वर्ण हिरवा, बांधा मजबूत...'

"अनोळखी काय हो?" बाई कडाडल्या. "रोज बोलते मी त्याच्याशी! माझी सगळी माणसं विमानानं गेली, साहेब. एवढं एकच मागे राहिलंय. ते विषारी निघालं तर?"

"तर काढावं लागेल, बाई," मी म्हणालो.

त्यांनी माझ्यापुढचा चहाचा कप उचलला आणि आत नेला.

मुद्देमाल म्हणून एक फांदी ठाण्यात आणली. मग काय, प्रत्येकजण तज्ज्ञ! एकाला ती कण्हेर वाटली, दुसऱ्याला धोतरा. मोबाइलच्या अ‍ॅपने आधी कॉफी सांगितलं, मग मिरची.

"साहेब, कॉफीच असेल," ठाणे अंमलदार म्हणाले. "उकळून बघू?"

"तुम्ही पिणार?"

विषय तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवशी फिर्यादीला जबाबासाठी आणि पंचांना सह्यांसाठी बोलावलं. फिर्यादी जिवंत पुरावा म्हणून बोकडालाच टेम्पोत घालून आला. गुरांच्या डॉक्टरांच्या औषधाने पोटाची फुगी उतरली होती. त्याला फाटकाशी बांधून मालक आत बसला.

"आदल्या दिवशी बोकडाने काय खाल्लं होतं?"

"चारा. दुसरं काय बी नाय." नजर पंख्याकडे. खोटं बोलणारा माणूस ठाण्यात नेहमी पंख्याकडे बघतो, हा माझा अनुभव आहे.

"घरात काही कार्य होतं का?"

"पुतन्याची हळद व्हती. पन त्याचा काय संबंध?"

एवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. जाऊन बघतो तर बोकड ठाण्याचं कुंपण खात होता, पंगतीला बसल्यासारखा! हवालदार मुद्देमालाची फांदी घेऊन त्याला हाकलायला धावले आणि कुंपणाशी धरून थबकले. तीच पानं.

"साहेब, ही तर आपली कुंती!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ठाण्याचं कुंपण कुंतीचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आमचा माळी तिला अशी पोलीस कट मारायचा की बिचारीला फुलं नाहीत, फळं कुठून येणार? लाल फळांची कुंती आमच्यापैकी कुणी पाहिलीच नव्हती.

"सोडवा त्याला! मरल तो!" मालक किंचाळला.

"खाऊ दे. पंच हजर आहेत."

आम्ही सगळे बोकडाकडे बघत बसलो. त्याने ढेकर दिली आणि पुढच्या रोपाला तोंड लावलं.

"आता हळदीचं सांगा."

मालक खाली बसला. "भात उरला व्हता, साएब. आय बोलली, घरात कार्य नि आपला पोर उपाशी? तं टोपभर घातला."

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, एवढा भात खाल्ल्यावर बोकड फुगणार नाही तर काय!

संध्याकाळी फिर्यादीला घेऊनच रोडपालीला गेलो. बाई फाटकाला कुलूप लावून, झुडपासमोर खुर्ची टाकून राखण करत होत्या.

"बाई, विषबिष काही नाही. नावही कळलं. कुंती."

"कुंती," त्या म्हणाल्या. मग झुडपाकडे वळून पुन्हा एकदा म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

फिर्यादीने लाडवांचा डबा पुढे केला. "चुकलो, मावशी."

"बोकडापुरते ठेवलेस ना घरी?" बाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. या वेळी कप माझ्यापुढे राहिला.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. अनोळखी म्हणजे बहुतेक वेळा आपणच नीट न पाहिलेलं. फाटकाजवळचं एक रोप कापू नको, असं मी माळ्याला बजावलं. आणि कागदपत्रं बंद करताना 'अनोळखी झुडूप' खोडून स्वतःच्या हाताने लिहिलं, 'कुंती, राहणार रोडपाली.'