बाईंच्या हातचे तीस गुण

मनोरमाबाईंना मी प्रथम पाहिले ते अमरावतीत, त्यांच्या उंबरठ्याबाहेर उभी राहून. आमच्या गावी मुलींची शाळा चौथीपर्यंतच होती. पुढची काही वर्षे निंदण-खुरपणात गेली आणि वय वाढलेल्या मुलीला कोणतीही शाळा घेईना. घरी अभ्यास करून बाहेरून मॅट्रिकला बसणे, एवढीच वाट उरली होती. आम्ही नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, पण कुणाच्या घरात किती आत जायचे याचा संकोच पायांतून गेला नव्हता. बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "आत ये वं पोरी, उजेड इकडे हाय. दारात बसून काय वाचशीन?" शेजारच्या काकूंनी माठातल्या पाण्याविषयी काही विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या, "जिले तहान लागन ते घेईन. मी काय पाणी वाढत बसू?" त्यानंतर तो विषय त्या घरात निघाला नाही.

शाळेतून काढलेल्या मुलींना घरी शिकवणे हा बाईंनी स्वतःहून पत्करलेला उद्योग. नेमलेले पुस्तक त्या नीट शिकवत, पण निबंधाचे विषय स्वतः निवडत. बाजारातल्या निबंधमालेत समुद्रावरचा सूर्यास्त हमखास असे. "समुद्र पाह्यला काय तुमी? मंग कायले लिहिता?" असे म्हणून त्यांनी आम्हाला कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगवर लिहायला लावले. वाचनाचेही तसेच. एखादा अभंग, वर्तमानपत्रातली बाजाराची बातमी आणि प्रवासवर्णनातले एक पान त्या शेजारी शेजारी ठेवत आणि कुणी कमी शब्दांत जास्त सांगितले ते विचारत. मी आज अकोल्यात मुलींना मराठी शिकवते ती याच शिदोरीवर.

माझ्याबरोबर कुसुम शिकत होती. पातूरकडच्या खात्यापित्या शेतकरी घरातली ही मुलगी अमरावतीला मामांकडे राहत असे. वयात आली तशी तिची शाळा सुटली. वडिलांनी मॅट्रिकला बसू द्यायचे कबूल केले, ते एका अटीवर: पास होण्याची खात्री हवी. मुलगी नापास झाली असा बोभाटा झाला तर लग्न जमणार नाही, ही त्यांची धास्ती. बाई सगळ्यांचेच गुण दर महिन्याला कार्डाने घरी कळवत, तसे तिचे पातूरला. त्या जिनिंगच्या निबंधात कुसुमने लिहिले होते, "बाया कामावरून येतात तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या असतात. लेकरे हसतात, आपली आई म्हातारी झाली म्हणतात." बाईंनी ते दोनदा वाचले, चष्मा पुसला, आणि शंभरपैकी तीस गुण दिले.

बाईंचा हातच तसा आखडता. घरी शिकणाऱ्या मुलीच्या शेजारी वर्ग नसतो, तिला आपणच शहाणे वाटू लागते, असे त्यांचे मत. तीस म्हणजे त्यांच्याकडे कळस झाला. मी तर वीस-बावीस गुणांतच घुटमळत राहिले. आम्हा मुलींना हे ठाऊक होते. पालकांना ते सांगायला हवे, हे मात्र बाईंच्या ध्यानात आले नाही. माझ्या बाबांना अक्षरओळख नव्हती. कार्ड आले की ते खिशात ठेवत आणि भेटेल त्याला सांगत, "पोरगी शिकून राहिली." कुसुमच्या वडिलांना वाचता येत होते.

फॉर्म भरायचे दिवस आले आणि कुसुम यायची थांबली. मामांकडून कळले की तिला पातूरला नेले, लग्न ठरले. बाई दुसऱ्याच दिवशी मला घेऊन मोटारीने पातूरला गेल्या.

"भाऊ, तुमची पोरगी साऱ्यायत हुशार हाय," त्यांनी बसायच्या आधीच सांगितले.

"बाई, कार्ड तुमीच लिवलं ना? तीस म्हणजे नापास. मले वाचता येते."

"माह्या हातचे तीस लई होतात हो."

वडिलांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मग हळूच म्हणाले, "मंग तसं लिवाचं होतं ना बाई. म्या बसवलं असतं तिले. काहून नाही लिवलं?"

मुलाकडच्यांना शब्द देऊन झाला होता. कुसुम आतून चहा घेऊन आली, बाईंच्या पाया पडली आणि पुन्हा आत गेली.

पुढे एकाही मुलीचे गुण त्यांनी नुसते लिहून कळवले नाहीत. परतवाड्यापर्यंत मोटारीचे धक्के खात त्या जात, पालकांपुढे बसत आणि "पोरगी पास होते, मी सांगतो" असे तोंडावर सांगून येत. त्यामुळे कितीतरी मुलींचे फॉर्म भरले गेले. त्यांतल्या काही आज शिक्षिका आहेत, काही परिचारिका. माझ्या वडिलांसमोरही बाई अशाच येऊन बसल्या होत्या. पण आमच्यासाठी त्यांना जे सुचले ते कुसुमच्या नुकसानीतून सुचले, याचे मला फार वाईट वाटते. आमच्यात सर्वांत चांगले तीच लिहीत होती.

कुसुम आता अकोल्यातच असते. बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी तिनेही लिहावे म्हणून मी तिच्या घरी गेले. ती गच्चीवर मुगवड्या घालत होती. म्हणाली, "मले आता कुठं लिहिता येते वं? बाईले सांगजो, माह्या मनात राग नाही. कधीच नव्हता."

बाईंना बरे वाटेल म्हणून मी हा निरोप मोठ्या उत्साहाने पोचवला. त्यांनी पदराचे टोक चाळवले.

"राग असता तं लिहित राह्यली असती पोरगी," त्या म्हणाल्या.

बाईंनी साठी ओलांडली आहे. त्यांना उदंड आयुष्य लाभावे, त्यांच्या डोळ्यांनी आणि गुडघ्यांनी त्यांना शेवटपर्यंत साथ द्यावी, ही आम्हा सर्वांची इच्छा. माझी आणखी एक आहे. त्या आयुष्यात एके दिवशी कुसुमला बाईंचा खूप राग यावा, आणि तो तिने त्यांना लिहून कळवावा.